रिकामी कुपी, कोरडा कागद

१

कुपी होती तिथेच होती. कपाटाचं कुलूप जागच्या जागी होतं, काचेला ओरखडा नव्हता, झाकणावर परीक्षकांनी ओतलेली लाल लाख आणि तिच्यात उमटलेली त्यांच्या अंगठीची खूण जशीच्या तशी होती. कुपी ज्याच्यावर आडवी निजवली होती त्या टिपकागदावर तेलाचा एक ठिपका नव्हता.

फक्त कुपीत तेल नव्हतं.

आत्याने तिच्या मुठीला आणि मानेला धरून ती उचलली, तेव्हाच तिच्या मनगटाला ते कळलं. तरी तिने कुपी कानाशी नेली आणि हळूच हलवली. या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रत्येक तेलकुपी आधी आत्याच्या कानापाशी जाऊन आलेली असे. सांधा कच्चा असेल तर तिला ऐकू यायचा, आत झाळकामाच्या कथलाचा कण राहिला असेल तर तो खुळखुळायचा. भरलेली कुपी गप्प असते. ही गप्प नव्हती. आतला छोटा छर्रा मोकळा वाजत होता.

"रिकामी आहे," आत्या म्हणाली.

परीक्षक चष्मा पुसत जवळ आले. आगगाडीच्या इंजिनांची मोठी दुरुस्तीशाळा होती, तिच्यासाठी नव्या तेलकुप्या निवडायचं काम त्यांच्याकडे होतं. मनुष्य सरळ, शब्दाला पक्का. काल संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने कुपी भरली, भरायच्या झाकणावर लाख ओतली, आणि सांगितलं, "रात्रभर आडवी राहू दे. चोचीतून एक थेंब जरी कागदावर आला, तरी मी नाही म्हणून लिहीन." मग आत्याने त्यांच्यासमोर मऊ फडक्याने कुपी आरशासारखी पुसली, कपाटात निजवली, कुलूप लावलं आणि किल्ली कचेरीतल्या खिळ्याला अडकवली. तो खिळा मात्र साऱ्या कारखान्याला ठाऊक होता.

"तेल गेलं, आणि कागद कोरडा," परीक्षक म्हणाले. "बाई, तेल काही हवेत उडत नाही."

"नाही उडत."

"मग दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर कुणी खटका दाबून तेल काढून घेतलं. पण त्यात कुणाचं काय भलं? किंवा कुपी रात्री गळली, आणि कुणीतरी ती पुसून कागद बदलला. त्यात कुणाचं भलं, ते मला दिसतंय."

त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. दाराशी आत्याची पुतणी उभी होती, जिने ही कुपी आखली, घडवली, सतरांदा मोडली आणि पुन्हा घडवली. कुपी पास झाली तर तिचा साचा कायमचा बसणार होता. नापास झाली, तर तिने थोरल्या काकांना, कारखान्याच्या मालकांना, शब्द दिला होता की आराखड्याच्या टेबलापासून ती उठेल, हे घर सोडून दुसरीकडे नोकरी धरेल, आणि पुन्हा या कारखान्यात पेन्सिल उचलणार नाही. शब्द भांडणात दिलेला होता, पण या घरात भांडणात दिलेले शब्दच जास्त पाळले जात.

"धाकट्या बाई," परीक्षकांनी विचारलं, "आज सकाळी माझ्याआधी तुम्ही या खोलीत आला होता का?"

पुतणीने आत्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"हो," ती म्हणाली. "उजाडता उजाडता. एकटीच."

२

"कशाला गेली होतीस?" आत्याने तिला जिन्याखाली गाठून विचारलं. घर वर होतं, कारखाना खाली. अशी बोलणी नेहमी जिन्याखालीच व्हायची.

"बघायला. झोपच लागेना. काचेतूनच पाहिलं, आत्या. कागद पांढरा होता. देवाला हात जोडले आणि वर जाऊन आंघोळ केली."

"किल्ली घेतलीस?"

"नाही."

"कुणी पाहिलं तुला?"

"कुणी नाही. म्हणून तर कुणी विश्वास ठेवणार नाही. आत्या, खरं सांग, तुझा आहे?"

आत्याने तिच्या केसांतला पत्र्याचा कीस काढून टाकला. वडील गेल्यापासून ही पोर तिच्याच पदराखाली वाढली होती. बाकीच्या मुली बाहुल्या उघडून आत काय आहे ते बघायच्या नाहीत, ही बघायची. "माझा विश्वास तुझ्यावर आहेच," ती म्हणाली, "पण परीक्षकांना माझा विश्वास दाखवून काय उपयोग? त्यांना वस्तू दाखवायला हवी. देवाने मला डोळे आणि कान दिलेत ते काय नुसते मिरवायला? तू वर जा, चार घास खा."

परीक्षकांकडून तिने जेवणापर्यंतची मुदत मागून घेतली. ते म्हणाले, "घ्या. मलाही घाईने नाही म्हणायची हौस नाही." मग आत्याने तो टिपकागद दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि खिडकीपाशी नेला. जाड, मऊ, बोटाने दाबला तर दबणारा कागद. तिने तो डोळ्यांच्या पातळीला धरला आणि उन्हाकडे तिरपा केला.

सरळ पाहिलं तर पांढरा कागद. तिरपा पाहिला तर त्यावर रेघा होत्या.

कुपीला वर आणि खाली कड होती. आडवी ठेवली की त्या दोन कडांवर ती निजायची. त्या कडांच्या दोन खोल खाचा कागदात रुतल्या होत्या. आणि त्यांच्या शेजारीच, बोटभर सरकून, आणखी दोन. त्या मात्र इतक्या फिक्या की ऊन कलतं नसतं तर दिसल्याच नसत्या.

आत्याने परीक्षकांना बोलावलं आणि काही न सांगता कागद तसाच धरून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. माणूस हुशार होता. त्याला जास्त सांगावं लागलं नाही.

"खोल खाचा भरलेल्या कुपीच्या," ते सावकाश म्हणाले. "फिक्या खाचा रिकाम्या कुपीच्या."

"आणि दोन्ही एकाच कागदावर."

"म्हणजे कागद बदललेला नाही. कुपी यावर भरलेली पडून होती, चांगला बराच वेळ, आणि एवढ्या वेळात एक थेंब..." ते थांबले. "मग कुणीतरी ती उचलली, रिकामी केली आणि परत ठेवली. हे मी मान्य करतो. पण बाई, हे धाकट्या बाईंनीही केलेलं असू शकतं."

"ती का करील?"

"ते मला माहीत नाही. म्हणून तर सही करता येत नाही."

आत्याने कुपी पुन्हा हातात घेतली, कडांना धरून, आणि उलटी केली. बूड चकचकीत होतं. तिने त्यावर तोंडाने वाफ सोडली, जशी ती काचा पुसताना सोडायची. वाफ पसरली, विरायला लागली, आणि विरता विरता बरोबर मध्यभागी एक खूण उरली.

अंगठा. रुंद, जोरात दाबलेला, जरासा घसरलेला.

"काल मी हे तुमच्यासमोर पुसलं होतं," आत्या म्हणाली.

"पुसलं होतं," परीक्षक म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "पण या कुपीचं बूड कुणी कशाला दाबेल?"

३

आता इथे जरा थांबून दोन कुप्यांची गोष्ट सांगायला हवी, नाही तर अंगठ्याचं मोल कळायचं नाही.

या कारखान्याचं नाव झालं ते जुन्या कुपीवर. वर निमुळती चोच, खाली रुंद गोल, आणि बुडाला पोलादाचा इतका पातळ, लवचिक पत्रा की अंगठ्याने दाबला की टक् करून आत जाई आणि चोचीतून थेंब पडे. सोडला की टक् करून परत येई. ते बूड थोरल्या काकांनी तरुणपणी बसवलं. पत्रा किती पातळ, फुगवटा किती, यावर त्यांनी कित्येक वर्षं घालवली, आणि मग अशी कुपी निघाली की शिंपी, सायकलवाले, गिरणीकामगार डोळे मिटून ती निवडून काढत. "आवाज ऐका," दुकानदार म्हणायचे, "ही थोरल्यांची." आत्याला त्या आवाजाचा इतका अभिमान होता की एखाद्या अनोळखी गल्लीतून जाताना कुठल्याशा दुकानातून टक् ऐकू आलं, तर ती माहेरच्या माणसाने हाक मारावी तशी वळून बघायची.

पण जुन्या कुपीची एक मर्यादा होती. चोच खाली असेल तरच थेंब पडे. वर करायची म्हटलं की तेल कुपीत आणि हवा चोचीत. यंत्राच्या पोटाखाली तेल द्यायचं असेल तर माणसाने खड्ड्यात उतरून, उताणं होऊन, स्क्रूंनी बसवलेली पत्र्याची पाटी काढून, हात वाकडा करून जीव काढायचा.

पुतणीने बूड पक्कं करून टाकलं. तिने मुठीपाशी खटका दिला, आत लहानसा दट्ट्या आणि एक छर्रा बसवला. खटका दाबला की दट्ट्या तेल पुढे ढकलतो, सोडला की छर्रा वाट बंद करतो. तेल ओढणारी नळीही आत अशी लवती ठेवली की कुपी कलेल तिकडे तिचं टोक जाई. कुपी आडवी धरा, उलटी धरा, चोच आभाळाकडे करा, जेवढं मागाल तेवढंच तेल, मागाल तिथेच.

थोरल्यांनी ती पाहून इतकंच म्हटलं होतं, "बूड वाजत नाही. जी वाजत नाही ती कुपी मी हातात धरणार नाही." आणि खरंच, कुणी त्यांना ती धरताना पाहिलं नव्हतं.

तर बूड दाबणारा अंगठा हा जुन्या कुपीत मुरलेला अंगठा. पुतणीचा तो असणं शक्य नव्हतं. ती झोपेतसुद्धा खटका दाबेल. हे आत्याच्या डोक्यात स्वच्छ होतं. पण स्वच्छ असणं वेगळं आणि दाखवून देणं वेगळं. तिने त्याच घडणीची दुसरी नवी कुपी घेतली, तीत पाणी भरलं, आणि पदराआड घेऊन निघाली.

पहिला गाठला झाळकामवाला. मोठ्या प्रेसला लागूनच त्याची शेगडी. प्रेस एकामागून एक बुडं छापत होता, आणि तो चोची झाळत बसला होता. नव्या कुपीच्या बुडाला झाळ लागतच नव्हती, पत्रा दुमडून दाबलेला होता. म्हणजे त्याचं निम्मं काम गेलं. आणि काल सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, "गळली तर बरंच होईल."

"आलात?" तो मान वर न करता म्हणाला. "मला वाटलंच, पहिला नंबर आपला. बोललो ना काल."

"का बोललास?"

"रागात बोलतो माणूस. बायको म्हणते, तुझं तोंड आधी झाळायला हवं." मग त्याने हातातली झाळायची सळई खाली ठेवली आणि पुढे वाकून कुजबुजला, "आत्या, त्या कुपीची चोच कुणी झाळली? मी. तसला सांधा मी आयुष्यात बसवला नव्हता. गळली असती तर माझीच अब्रू गेली असती. मीच कशाला तिला हात लावीन?"

"बरं. ही घे, एक थेंब पाडून दाखव."

त्याने कुपी मानेला धरली, उलटी केली आणि अंगठा थेट बुडावर रोवला. काही झालं नाही. त्याने जास्त जोर केला. मग स्वतःशीच हसला. "अरे हो, खटका. चोच झाळली मी, पण थेंब कधी पाडला नाही. तेल इथे आणूच देत नाहीत थोरले मालक. पत्र्याला तेलाचा हात लागला की झाळ धरत नाही. तेलकुप्यांच्या कारखान्यात नाकात घालायला तेल नाही, सांगितलं तर कुणाला पटेल?"

आत्या तिथून व्हरांड्यात गेली. परीक्षक चहा पीत बसले होते. तिने कुपी पुढे केली. "एक थेंब. त्या कुंडीत."

त्यांनी कप ठेवला, कुपी घेतली, उलटी केली, आणि त्यांचा अंगठा सुतासारखा सरळ बुडावर गेला.

दोघंही त्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"तीस वर्षं जुनीच वापरली," परीक्षक म्हणाले. चेहरा उतरला होता. "बाई, काल वरच्या पाहुण्यांच्या खोलीत मी झोपलो होतो. खिळा मलाही माहीत आहे. म्हणजे मीसुद्धा?"

"तुम्हीसुद्धा," आत्या म्हणाली. "मीसुद्धा. माझाही अंगठा तिथेच जातो."

४

थोरले मागच्या अंगणात होते, नव्या पत्र्याचे ताव मोजून घेत. सकाळपासून ते आत आलेच नव्हते. उंच, ताठ माणूस. बसायला खुर्ची दिली तरी उभे राहणारे. आत्या त्यांची धाकटी बहीण, पण पुतणीने बोबडं बोलताना लावलेलं 'आत्या' हे नाव त्यांच्याही तोंडी बसलं होतं.

"तेल गेलं म्हणे," ते तावांकडे बघतच म्हणाले.

"गेलं."

"हं."

"दादा, ही कात्री अडकतेय का रे?" पत्रा कापायची मोठी कात्री ओट्यावर बसवलेली होती. तिची खीळ खालच्या अंगाला, ओट्याच्या पोटात. "जरा थेंबभर घाल. हातात हीच आहे बघ माझ्या. पाणीच आहे, पण चालेल."

तिने कुपी त्यांच्या हातात दिली आणि पत्र्यांकडे तोंड करून ताव चाचपायला लागली, जसं काही तिचं लक्षच नाही.

थोरल्यांचं लक्ष खरोखरच तावांत होतं. त्यांनी डाव्या हाताने ताव धरला, उजव्या हाताने कुपी घेतली, ओट्याखाली नेली, चोच वर केली आणि एक बोट खटक्यावर ठेवून एकदाच दाबलं. खिळीच्या नेमक्या तोंडाशी एक थेंब टपोरून उभा राहिला. बाजूला एक शिंतोडा नाही.

कात्रीचा दांडा हलवून पाहत ते म्हणाले, "ठीक आहे हिचं."

आत्या वळली. तिने झाळकामवाल्याचा अंगठा पाहिला होता, परीक्षकांचा पाहिला होता, स्वतःचा तिला माहीत होता. सगळ्यांचे अंगठे चुकले होते. ज्याने ही कुपी कधी चालवली नाही त्याने चुकायलाच हवं होतं. आणि जो एकदा चुकून, मग शिकून, पुरती कुपी रिकामी होईपर्यंत चालवून आला, त्यालाच आता चुकता येत नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "ही कुपी तू कधी हातात धरली नव्हतीस ना?"

"नाही."

"तू नाही धरलीस. पण तुझा हात तिला ओळखतो."

थोरल्यांनी हातातल्या कुपीकडे पाहिलं, मग स्वतःच्या अंगठ्याकडे. आतून प्रेसचा ठेका ऐकू येत होता, ठक्, ठक्, ठक्, आणि त्याच क्षणी आत्याच्या लक्षात आलं की झाळकामवाला मघाशी तिच्याशी कुजबुजला होता. प्रेसच्या शेजारी बसून कुजबुजला होता, आणि तिला शब्दन् शब्द कळला होता. वर्षभर त्या प्रेसच्या पोटातून अशी काही किंकाळी निघायची की तिथे उभ्या माणसाशी बोलायचं तर हातवारे करावे लागायचे.

"तेल प्रेसमध्ये गेलं," ती म्हणाली.

थोरल्यांनी ताव खाली ठेवला. आणि जो माणूस कधी बसत नसे तो त्या पत्र्यांच्या थप्पीवर, हळूहळू, गुडघ्यांवर हात दाबत बसला. त्या बसण्यावरूनच आत्याला उरलेलं सगळं कळलं.

"गुडघे?" तिने विचारलं.

"वर्ष झालं." ते जमिनीकडे बघत बोलत होते. "खड्ड्यात उतरलो तर वर येता येत नाही. एकदा अडकलो होतो, सुट्टीच्या दिवशी. कुणी नव्हतं म्हणून बरं. प्रेसला तेल मीच देणार, दुसऱ्याने हात लावायचा नाही, हे मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं. आता कोणत्या तोंडाने सांगू, की तुम्ही घाला?"

"आणि सकाळी?"

"सकाळी उठलो ते ठरवूनच. दोन थेंब. कुणाला कळणार नाही. आधी सवयीने बूडच दाबलं, दोनदा. मग खटका सापडला. आत्या, उभ्यानेच चोच फटीतून आत घातली, वर केली, दाबलं, आणि आतून जे सुस्कारल्यासारखं झालं ना..." ते थांबले. "मग मला थांबताच येईना. प्रेसचा सगळा सरकता भाग भिजवला, मग वरचा दांडा, मग मागच्या दाराच्या बिजागऱ्या. जिथे जिथे आजवर वाकलो, लोळलो, हात सोलून घेतले, तिथे तिथे गेलो. भानावर आलो तेव्हा कुपी संपलेली. परत भरावी तर झाकणावर लाख. ठेवून दिली."

"आणि गप्प बसलास."

"तेल गेलं म्हणून कुपी थोडीच वाईट ठरते? पुन्हा भरतील, पुन्हा बघतील, असं वाटलं."

"दादा, ते म्हणतायत की कुपी गळली आणि पोरीने लबाडीने लपवलं."

थोरल्यांनी मान वर केली. "कोण म्हणतं?"

"परीक्षक. आता निम्मं मागे घेतलंय. पण निम्मं आहे अजून. कुणी केलं ते कळल्याशिवाय ते सही करणार नाहीत. आणि सही नाही तर ती उद्या सामान बांधेल. तू ओळखतोस तिला. आपल्याच घरची आहे."

"तू सांग जाऊन."

"नाही. मी खूण शोधली, माणूस शोधला. पुढचं माझं काम नाही."

थोरले पत्र्याच्या कडेला हात देऊन उठायला लागले. आत्या हात द्यायला पुढे झाली, तशी त्यांनी मान हलवली. एकदा उठता आलं नाही. दुसऱ्यांदा उठले.

५

थोरले मालक भर कामाच्या वेळी मधोमध येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला, तसा प्रेस थांबला. शेगड्यांचा फुरफुराट तेवढा राहिला. परीक्षक व्हरांड्यातून आत आले. पुतणी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होती.

"तेल मी काढलं," थोरले म्हणाले.

पुतणी शेवटच्या पायरीवरून खाली उतरली.

"आज सकाळी कुलूप मी उघडलं. हिने काही केलेलं नाही, तिला ठाऊकही नव्हतं. का काढलं तेही सांगतो, सगळ्यांनी ऐका, म्हणजे मला पुन्हा सांगावं लागायचं नाही." आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता, फक्त एक हात प्रेसच्या खांबावर होता. "मला खड्ड्यात उतरता येत नाही. वर्ष झालं. दर आठवड्याला प्रेसला तेल दिलं म्हणून सांगत होतो, ते खोटं. तुम्ही सगळे ती किंकाळी ऐकत होता आणि माझ्या धाकाने कुणी विचारत नव्हतं."

झाळकामवाला खाली बघायला लागला. आत्याने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. आपल्या भावाला तिने ताठ मानेने खूपदा पाहिलं होतं, पण आत्ता ती मान ज्या बळावर ताठ होती ते बळ काही वेगळंच होतं.

"साहेब, इकडे या," थोरले म्हणाले. "खाली खड्ड्यात उतरा जरा. तुमचे गुडघे चांगले दिसतात."

परीक्षकांनी कोट काढून खुंटीला लावला आणि उतरले. खालून त्यांचा आवाज आला, "इथे तर चांगलं ओलं आहे. अगदी वरच्या भोकापर्यंत. इथे तेल वर चढवलं कसं?"

"उभ्याने. चोच वर करून. त्या फटीतून."

"पाटी न काढता?"

"पाटीचे स्क्रू बघा. धूळ हलली आहे का?"

खालून पाटी चाचपल्याचा आवाज आला. मग परीक्षक वर आले, तळहातावर पसरलेलं तेल दोन बोटांनी चोळत. त्यांनी पुतणीकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर मान लववली. "धाकट्या बाई, मी आळ घेतला होता. तो पूर्ण मागे घेतो. सकाळी यांनी उचलली तेव्हा कुपी भरलेली होती आणि कागद कोरडा होता. माझी अट पुरी झाली. शिवाय चोच वर करून जे झालं ते तर मी अटीत घातलंही नव्हतं, कारण असं होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं. मी सही करतो."

झाळकामवाल्याने शेजाऱ्याच्या पाठीत गुद्दा घातला. "चोच कुणाची?" तो म्हणाला. "सांग, चोच कुणाची?"

पुतणी मात्र हसली नाही. ती सरळ काकांसमोर येऊन उभी राहिली. दोघांची उंची सारखीच, हनुवटी पुढे काढून उभं राहायची रीतही तीच. आत्याला वाटलं, आता रडतील दोघं, आणि तिने पदर तयार ठेवला.

"काका," पुतणी म्हणाली, "पूर्ण कुपी संपवलीत तुम्ही."

"संपवली."

"मग सांगा. कुठे कमी पडली?"

थोरल्यांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. या प्रश्नाची त्यांना किती दिवस वाट पाहावी लागली होती, हे त्यांनाही आत्ताच कळलं असावं.

"खटका," ते म्हणाले. "पन्नासेक वेळा दाबलं की मूठ दुखते. त्याचा आस, फिरायची खीळ, फार वर आहे."

"वर नाही. खाली आणला तर दट्ट्याची धाव कमी पडेल."

"मग दट्ट्या लांब कर."

"कुपी उंच होईल."

"होऊ दे की थोडी उंच. तुला कुणी अडवलंय?"

"तुम्हीच. गेल्या महिन्यात म्हणालात, उंच कुपी बावळट दिसते."

"ती बावळटच दिसत होती. तिची मान चुकली होती. इकडे ये, दाखवतो. पेन्सिल कुठाय?"

ती दोघं आराखड्याच्या टेबलाकडे गेली. तिने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. त्यांनी ती क्षणभर पाहिली आणि बसले. लगेच दोन डोकी एका कागदावर वाकली आणि आवाज चढायला लागले. आत्याने हात केला, प्रेस पुन्हा सुरू झाला, माणसं कामाला लागली. पण कारखान्यात कुणाचंही लक्ष कामात नव्हतं. सगळे त्या भांडणाला कान लावून होते आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर असं काही होतं, जसं घरच्याच लग्नात मिरवतायत.

परीक्षक कोट हातावर टाकून, सहीचा कागद घेऊन, टेबलापाशी गेले. एकदा खाकरले. दुसऱ्यांदा खाकरले. दोघांपैकी कुणी मान वर केली नाही.

"साहेब," आत्या त्यांच्याजवळ येऊन म्हणाली, "आज जेवूनच जा. यांचं संध्याकाळपर्यंत आटपत नाही."

"आणि हा कागद?"

"द्या माझ्याकडे." तिने तो घेतला, उजेडात धरला, त्यावरची सही नीट वाचली, आणि मग सावकाश, कडेला कड जुळवून, घडी घातली. "नाव मात्र अपुरं लिहिलंत. 'कारखान्याची नवी कुपी' नव्हे. तिचं नाव घाला, आराखडा करणारी म्हणून. आणि खाली त्याचं, पहिल्यांदा वापरणारा म्हणून."

परीक्षकांनी कागद परत मागून घेतला आणि पेन पुन्हा उघडलं.